कार्ड क्रमांक सतरा

पत्र्याची पेटी, आत चाळीस कार्डं.
विज्ञान वाचन संच, इयत्ता तिसरी.
शाळेत पुराचं पाणी शिरलं तेव्हा
सखूमावशींनी ती कपाटावर चढवली होती
खिचडीच्या तांदळाच्याही आधी.
उत्तरेश्वर पेठेतल्या आमच्या भिंतीवर
अजून ती रेघ आहे, माझ्या खांद्याएवढी.
पोरं तिच्याखाली बसून वाचतात.

तौफिक शिकलगार वाचत नाही.
म्हणजे वाचतो, सगळ्यांबरोबर,
पण गौतमीच्या ओठांकडं बघत,
अर्ध्या अक्षरानं मागं.
मला ते जूनपासून माहीत आहे.
मला माहीत आहे, हे त्यालाही माहीत आहे.
आम्ही दोघांनी ते झाकून ठेवलंय
ताटावर ताट घालावं तसं.

कार्ड सतरा. गोगलगाय.
'गोगलगायीला हाडे नसतात.
ती पोटाखालच्या पायाने सरकते.'
पोटात पाय! वर्ग एका सुरात ओरडला
आणि हसत सुटला. मीही हसले.
मग थांबले.
मला ती म्हण म्हणून शिकवली होती,
आतल्या गाठीच्या माणसांसाठी,
घरात एका ठरावीक मावशीवर वापरायला.
जनावर म्हणून कुणी दाखवलीच नव्हती.
चाळिशी उलटल्यावर, खडू हातात असताना
मला कळलं की पाय आहे, खरोखरचा,
आणि त्यात कपट काहीच नाही.

शेवटची ओळ:
'गोगलगाय फक्त पावसाळ्यातच दिसते.'

मार्च होता. पत्रे तापून टिकटिक करत होते,
बाहेरून गंगावेशीकडं म्हशी निघाल्या होत्या.
वर्ग ओळ संपवून पुढं गेला, घंटा झाली,
डबे वाजले.
तौफिकचं बोट तिथंच.
ओठ हलत होते, आणि या खेपेला
कुणाच्याच मागं नव्हते.
फ. क्त. फक्त. पा. व.

कार्ड घरी न्यायचं नाही, असा नियम आहे.
संध्याकाळी मोजली, एकोणचाळीस.
परत मोजली. पेटीला कुलूप घातलं
आणि घरी गेले.
गुरुवारी चाळीस.
सतराव्याला तेलाचा वास, कडेला काळा अंगठा,
आणि समासात पेन्सिलीनं, टिंब भलत्याच अक्षरावर:
खोटं. आमच्या मोरीच्या मागं हाय. तीन.

शाळा सुटल्यावर गेले.
दारात त्याचे वडील सायकलवर बसून
कुणाच्या तरी विळीला धार लावत होते.
ठिणग्या उडत होत्या, त्यांनी मान हलवली,
पायडल थांबवलं नाही.
मागं गळका नळ, शेवाळ, फुटकी बादली.
आम्ही दोघं उकिडवे बसलो.
एक भिंतीवर, शिंगं बाहेर काढून.
एक बादलीच्या कडेला.
तिसरी मी उचलली. हलकी लागली.
उन्हाकडं धरली तर नुसता शंख, आत कुणी नाही.

बोलावं की नाही, कळेना.
वर्षभरात त्यानं स्वतःहून लिहिलेली
पहिली ओळ होती ती.
बोलले.
तो शंखात बराच वेळ बघत बसला.
मग म्हणाला, "बाई, मग दोन लिवतो."
आणि तीनवर काट मारली,
त्या काटेसाठी जीभ बाहेर काढून.

एप्रिलअखेर संच केंद्रावर जमा करायचा.
हावळ सरांची सूचना: पेन्सिलीच्या खुणा पुसून द्याव्यात.
मी पुसल्या. मिशा, बदाम, कुणाचं तरी पाढ्याचं उत्तर,
बारा कार्डांवर 'वैदेही वेडी'.
खोडरबराचा चुरा पदरात साठत गेला.
सतरावं हातात घेतलं
आणि तसंच पेटीत ठेवलं.

नोंदवहीत 'स्थिती' नावाचा रकाना आहे.
लिहिलं: एकोणचाळीस चांगली, एक वाचलेलं.

हावळ सरांनी चष्मा कपाळावर घेतला.
"वाचलेलं? कुठल्या पुरातनं?"
मी वर रेघेकडं बघितलं,
आणि त्यांना सहीची जागा दाखवली.